इन्फ्रारेड फोटोत पुलाच्या बरोबर मधोमध पांढरट गोळा येतोय? कॅमेरा रिपेअरला टाकायच्या आधी हे बघा

जुन्या पुलांचे ब्लॅक अँड व्हाइट इन्फ्रारेड फोटो (म्हणजे डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा उजेड टिपणारे) मी बऱ्याच काळापासून काढतोय, आणि ओळखीतले जे कोणी यात नवीन येतात त्यांचा पहिल्या महिन्याभरात एकच मेसेज येतो, "सेन्सर गेला वाटतं, फोटोच्या मध्ये डाग येतोय." सेन्सर जवळपास कधीच गेलेला नसतो. याला हॉटस्पॉट म्हणतात आणि बहुतेक वेळा तो फुकटात जातो, फक्त तपासण्याचा क्रम नीट हवा. उदाहरणं सगळी पुण्याच्या बंडगार्डनच्या जुन्या दगडी पुलाची घेतोय, म्हणजे फिट्झगेराल्ड पुलाची. कॅप्टन सेलनने १८६० च्या दशकात डिझाइन केलेला, दोन्ही टोकांना सिंह बसलेले, वाहनं आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात त्यामुळे याच्यावर शांतपणे ट्रायपॉड लावता येतो. तुमचा पूल दुसरा असेल तरी फरक काही पडत नाही, दगडी कमानी, पाणी आणि काठाला झाडं असली की झालं.

आधी लक्षणं

खरा हॉटस्पॉट असा असतो: फ्रेमच्या मध्यभागी फिकट गोल, कधी कडा पुसट तर कधी अगदी कंपासने काढल्यासारखी स्पष्ट. त्याच लेन्सने साधा कलर फोटो काढला तर नामोनिशाण नाही, इन्फ्रारेडमध्येच येतो. अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) बदललं की गोळ्याचा आकार आणि ठळकपणा बदलतो. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे कमानीखालची सावली. इन्फ्रारेडमध्ये कमानीखाली जवळजवळ काळंच दिसायला पाहिजे, कारण साध्या फोटोत सावलीला जो उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा असतो आणि निळ्या आकाशातून इन्फ्रारेड फारच कमी येतं. म्हणून कडेच्या कमानी काळ्याभोर आणि मधलीच एक राखाडी, धुरकट दिसत असेल तर तिथे लेन्सच्या आतला उजेड मिसळलाय असं समजा.

यासारखेच दिसणारे पण वेगळे प्रॉब्लेम: एखादी फिकट पट्टी किंवा ढगासारखा पसरट धूसरपणा, पण तो गोल नाही आणि फक्त लांब एक्स्पोजरलाच येतो (तपासणी ४ बघा). सगळी फ्रेमच दुधाळ (३ आणि ६). एकाच कोपऱ्यात चट्टा (तो बहुतेक सूर्य थेट लेन्सवर पडल्यामुळे). आणि डाग नाही पण सगळंच सॉफ्ट, ते फोकसचं प्रकरण आहे, त्याबद्दल इथे एवढंच सांगतो की ऑटोफोकसवर न जाता लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून पुलाच्या कठड्यावर फोकस करा. इन्फ्रारेडचा फोकस थोडा वेगळ्या जागी पडतो, म्हणूनच जुन्या मॅन्युअल लेन्सवर लाल ठिपका किंवा लाल रेघ असायची.

पुलाच्याच फोटोत हे इतकं का खुपतं? कारण आपण सगळे पूल मधोमध ठेवतो, आणि पूल काळ्या दगडाचा. आजूबाजूची झाडं पांढरी झालेली असतात, त्यांच्यावर डाग पडला तर कोणाला कळतही नाही, काळ्या कमानीवर मात्र लगेच दिसतो. बंडगार्डनला तर हिवाळ्यापासून पुढे नदीवर जलपर्णी पसरते, ती इन्फ्रारेडमध्ये अक्षरशः पांढरीशुभ्र येते, तिच्या मधून दिसणारं पाणी काळं, आणि दगडांच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं एवढंसं रोपसुद्धा काळ्या भिंतीवर चमकतं. इतका सुंदर विषय आणि मध्ये गोळा, चिडचिड होणारच.

तपासणी १: कॅमेरा वळवा (फुकट, अर्धा मिनिट)

ट्रायपॉड आहे तिथेच ठेवा, कॅमेरा थोडा डावीकडे वळवून पूल फ्रेमच्या उजव्या कडेला आणा, बाकी काही बदलू नका, दुसरा फोटो काढा. डाग पुलाबरोबर कडेला सरकला तर तो डाग नाहीच, दगडावर खरंच ऊन किंवा शेवाळ आहे, शेवाळ आणि गवत इन्फ्रारेडमध्ये उजळच येतात. डाग फ्रेमच्या मध्येच राहिला तर हॉटस्पॉट. हे आधी करायचं कारण असं की मी लोकांना ओल्या शेवाळाच्या चट्ट्यासाठी लेन्स विकायच्या तयारीत बघितलंय.

तपासणी २: अपर्चर उघडा (फुकट, आणि निम्म्याहून जास्त केसेस इथेच संपतात)

लँडस्केप म्हणलं की सगळे सवयीने एफ/११, एफ/१६ लावतात (आकडा मोठा म्हणजे अपर्चर बारीक), इन्फ्रारेडमध्ये हीच सवय नडते. लेन्सवरचं कोटिंग दिसणाऱ्या उजेडासाठी केलेलं असतं, म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. आपण ७२० चा इन्फ्रारेड फिल्टर (त्याच्या अलीकडचा दिसणारा उजेड अडवणारी काळी काच) लावून ७२० च्या पुढे काम करतो, तिथे ते कोटिंग नीट चालत नाही. लेन्सच्या आतला जो काळा रंग डोळ्याला काळा दिसतो तो इन्फ्रारेडमध्ये काळा असेलच असं नाही. मग आत येणारं इन्फ्रारेड काचांवरून, अपर्चरच्या पात्यांवरून, सेन्सरच्या पुढच्या काचेवरून परत परत उसळतं आणि मध्यभागी जमा होतं. अपर्चर जितकं बारीक तितका त्याचा गोळा लहान आणि ठळक होतो, मोठ्या अपर्चरला तोच उजेड इतका पसरतो की दिसत नाही.

तर एफ/५.६ लावा, एफ/८ च्या पुढे जाऊ नका. "मग डेप्थ ऑफ फील्डचं काय" हा प्रश्न येतोच. पूल पन्नास मीटरवर आहे हो, वाइड लेन्सला एफ/५.६ पुरतं. आणि एफ/१६ ने शार्पनेस वाढतो हाही गैरसमज, डिफ्रॅक्शन (बारीक भोकातून जाताना उजेड पसरून फोटो सॉफ्ट होणं) वेव्हलेंग्थबरोबर वाढतं, ८०० नॅनोमीटरला एफ/८ वर जेवढं डिफ्रॅक्शन मिळतं ते साध्या फोटोतल्या एफ/११ च्या थोडं पुढेच असतं. म्हणजे इन्फ्रारेडमध्ये एफ/१६ लावून डागही घेताय आणि फोटोही सॉफ्ट करताय.

झूम लेन्स असेल तर याच तपासणीत फोकल लेंग्थही बदलून बघा. एकच लेन्स १८ ला स्वच्छ आणि ३५ ला घाण असं होतं. दोन पावलं पुढे-मागे होऊन स्वच्छ फोकल लेंग्थवर फ्रेम बसते का ते बघा, बंडगार्डनला उद्यानाच्या बाजूने जागा भरपूर आहे.

हिस्टोग्रामकडेही याच वेळी नजर टाका, पण साधा नको, आरजीबी वेगवेगळा दाखवणारा. इन्फ्रारेडमध्ये लाल चॅनल सगळ्यांच्या आधी फुटतो (पूर्ण भरून तपशील जातो) आणि साध्या हिस्टोग्रामवर सगळं ठीक दिसत राहतं, आणि एकदा मधला भाग फुटला की एडिटिंगमध्ये परत येत नाही. एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप खाली घ्या, रॉ काढा, व्हाइट बॅलन्स उन्हातल्या हिरवळीवर कस्टम सेट करा म्हणजे मागच्या स्क्रीनवर निदान काहीतरी समजेल असं दिसेल. पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवली तर अजून बरं, लाल-जांभळ्या चित्रात हलका डाग नजरेतून सुटतो.

तपासणी ३: लेन्सच्या पुढे काय काय लावलंय

यूव्ही फिल्टर काढा. पूर्ण. इन्फ्रारेड फिल्टरच्या खाली यूव्ही तसाच ठेवून वर ७२० लावणारे लोक आहेत, भरपूर आहेत. प्रत्येक जादा काच म्हणजे उजेड उसळायला अजून दोन पृष्ठभाग. मग लेन्सची पुढची काच आणि फिल्टरची मागची बाजू बघा, बोटाचा ठसा असेल तर मायक्रोफायबरने पुसा, शर्टाच्या टोकाने नको. हूड लावा, फिल्टरमुळे हूड बसत नसेल तर हाताने किंवा टोपीने सावली करा, फक्त टोपी फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

आणि सूर्य कुठे आहे ते बघा. इन्फ्रारेडमध्ये पानं पांढरी व्हायला ऊन समोरून पानांवर पडावं लागतं, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी किंवा बाजूला. सूर्य पुलाच्या मागे असेल तर पानं मळकट आणि लेन्समध्ये भडका, दोन्ही तोटे एकदम. अशा वेळी तपासण्या करत बसू नका, दुसऱ्या वेळी या.

इथेच एक सांगायचं राहील म्हणून सांगतो, जरा गंभीरपणे घ्या: डीएसएलआरच्या डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमधून इन्फ्रारेड फिल्टर लावून सूर्याकडे बघायचं नाही. फिल्टर काळा दिसतो म्हणून सुरक्षित वाटतो, पण तो दिसणारा उजेड अडवतो आणि इन्फ्रारेड तसंच आत सोडतो, आणि अंधार वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते. फ्रेमिंग फिल्टर काढून करा किंवा स्क्रीनवर करा.

तपासणी ४: मागून आणि बाजूने येणारा उजेड (ज्यांचा कॅमेरा कन्व्हर्ट केलेला नाही त्यांच्यासाठी)

साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते (ती काढून दुसरी बसवून घेणं म्हणजे कन्व्हर्ट करणं), त्यामुळे ७२० चा फिल्टर लावला की भर दुपारीसुद्धा एक्स्पोजर काही सेकंदांत, कधी अर्ध्या मिनिटात जातं. समोरून येणारा उजेड इतका कमी, मग मागून व्ह्यूफाइंडरमधून शिरलेला थोडासा उजेडही फोटोत उतरतो. हा डाग गोल नसतो, पट्टीसारखा किंवा धुरासारखा असतो. उपाय: कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर ती छोटी रबरी टोपी येते ना, जी सगळ्यांची हरवते, ती आयपीसवर लावा. नसेल तर काळी इन्सुलेशन टेप. तरी राहिला तर कॅमेरा आणि लेन्स जिथे जोडतात तिथे जाड काळं कापड गुंडाळून एक फोटो काढा. मग पक्कं करायला लेन्सकॅप लावून तेवढ्याच वेळाचा एक फोटो उन्हातच काढा, तो पूर्ण काळा यायला पाहिजे. काळा नाही आला तर उजेड लेन्समधून येतच नाहीये, लेन्सला दोष देऊ नका.

मिररलेसवाल्यांना व्ह्यूफाइंडरचा हा त्रास नाही. पण काही बॉडींमध्ये शटरवर लक्ष ठेवायला आत एक इन्फ्रारेड एलईडी असतो, आणि कॅमेरा फुल स्पेक्ट्रम (दिसणारा आणि इन्फ्रारेड दोन्ही उजेड सेन्सरपर्यंत जाईल असा) कन्व्हर्ट केला की तोच लांब एक्स्पोजरमध्ये दिसायला लागतो. लेन्सकॅपच्या टेस्टमध्ये एका कडेने फिकट उजेड आला तर हा संशय घ्या आणि थेट शेवटच्या भागावर जा. फिल्मवाल्यांना हे जुनंच दुखणं माहीत असेल, काही ऑटोमॅटिक फिल्म कॅमेरे रोलची भोकं इन्फ्रारेड एलईडीने मोजायचे आणि इन्फ्रारेड रोलची कड धुकट करून ठेवायचे.

तपासणी ५: लेन्स बदलून बघा, पण विकत घेऊन नाही

मित्राची मागा, एका दिवसाच्या भाड्याने घ्या, घरातली जुनी किट लेन्स शोधा. महाग लेन्स म्हणजे इन्फ्रारेडला चांगली असं अजिबात नाही, कोटिंगचे थर इन्फ्रारेडसाठी केलेलेच नसतात त्यामुळे कुठली लेन्स कशी वागेल ते किमतीवरून कळत नाही. नावाजलेल्या ५० एमएम प्राइमला डाग आणि १८-५५ किट लेन्स स्वच्छ, हे मी स्वतः बघितलंय. नेटवर लेन्सच्या याद्या मिळतात, त्या बघा, पण त्यावर आंधळेपणाने पैसे घालू नका, कारण एकाच लेन्सचा निकाल वेगळ्या बॉडीवर वेगळा येतो, सेन्सरच्या काचेवरून उसळणारा उजेडही यात असतो ना.

टेस्ट कशी करायची: मोकळ्या आकाशाचा किंवा उन्हातल्या सपाट भिंतीचा, फोकस मुद्दाम बिघडवून, सगळ्यात मोठ्या अपर्चरपासून एफ/१६ पर्यंत एकेक स्टॉपने एकेक फोटो. घरी कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवून शेजारी शेजारी ठेवा. जिथून गोळा दिसायला लागतो त्याच्या एक स्टॉप अलीकडे तुमची मर्यादा, ती लेन्सच्या कॅपच्या आत कागदावर चिकटवून टाका.

हे घरात एलईडी बल्बखाली करू नका. एलईडीतून इन्फ्रारेड जवळपास येतच नाही, ट्यूबमधूनही नगण्य. लोक रात्री खोलीत टेस्ट करतात, फोटो काळा येतो, आणि मग "फिल्टर खराब" म्हणून परत पाठवतात. ऊन नसेल तर जुना पिवळा तारेचा बल्ब शोधा, त्यातून इन्फ्रारेड भरपूर.

तपासणी ६: फिल्टर आणि लेन्सच्या आतली बुरशी

फिल्टर उन्हाकडे नाही, खिडकीकडे धरून बघा. कडेने किंवा मध्ये रंग वेगळा दिसतोय का, ओरखडे आहेत का. अगदी स्वस्तातल्या काही फिल्टरमधून दिसणारा उजेडही गळतो, मग पानं पांढरी न येता राखाडी येतात आणि आकाशही काळं होत नाही. फिल्टर इन्फ्रारेड सोडतो का हे बघायला टीव्हीचा रिमोट पुरतो: फिल्टर लावा, रिमोट कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबून ठेवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये त्याचा दिवा लुकलुकताना दिसला पाहिजे. कन्व्हर्ट न केलेल्या काही बॉडींत तो फार मंद दिसतो, खोलीत अंधार करून बघा.

मग लेन्स. मागची कॅप काढा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. पांढऱ्या बारीक जाळीसारखी वाढ दिसली तर ती बुरशी. आपल्याकडचा पावसाळा आणि कपाटात चामड्याच्या बॅगेत ठेवलेली लेन्स, दुसरं काय होणार. बुरशीने सगळी फ्रेम दुधाळ होते, गोळा नाही येत, पण दोन्ही एकत्र असले की निदान चुकतं. चार धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, त्याने काही होत नाही.

तपासणी ७: काढलेला फोटो वाचवायचा असेल तर

लाइटरूममध्ये रेडियल मास्क घ्या, मध्यभागी गोळ्याएवढा, फेदर भरपूर, एक्स्पोजर थोडं खाली, डीहेझ थोडं वर. पुसट डाग एवढ्याने जातो.

ठळक असेल तर फ्लॅट फ्रेम. त्याच लेन्सवर, त्याच अपर्चरला, त्याच फोकल लेंग्थला आणि त्याच फोकसला, लेन्सपुढे पांढरा पातळ ॲक्रिलिकचा तुकडा धरून उन्हात एक फोटो काढायचा. मग रॉथेरपीमध्ये फ्लॅट फील्ड म्हणून तो द्यायचा, हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लाइटरूम क्लासिकमध्येही फ्लॅट फील्ड करेक्शन आहे. गिंपमध्ये करायचं तर फ्लॅट फ्रेम भरपूर ब्लर करून वरच्या लेयरला ठेवा आणि मोड डिव्हाइड करा. एफ/८ ची फ्लॅट फ्रेम एफ/११ च्या फोटोला चालत नाही, गोळ्याचा आकारच वेगळा असतो, म्हणून जागेवरच काढून ठेवायची सवय लावा.

यात एक मर्यादा आहे जी फारसं कोणी सांगत नाही. फ्लॅट फील्ड म्हणजे भागाकार, आणि हॉटस्पॉट म्हणजे वरून मिसळलेला जादा उजेड, म्हणजे बेरीज. त्यामुळे उजळ भाग छान सपाट होतात, पण कमानीखालची सावली राखाडीच राहते कारण तिथे मुळात काही नव्हतं आणि वरून उजेड पडलाय. तिथे ब्रश घेऊन ब्लॅक्स हाताने खाली ओढावे लागतात, कमानीची कड सांभाळून. एका फोटोला चालतं. पूर्ण सिरीजला हे करत बसायची पाळी येत असेल तर लेन्स बदला, वेळेला पण किंमत आहे.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

तीन वेगवेगळ्या लेन्सवर, एफ/४ ला सुद्धा, त्याच जागी डाग येतोय आणि कॅमेरा कन्व्हर्ट केलेला आहे: आता प्रश्न सेन्सरपुढे बसवलेल्या काचेचा आहे. त्यावर अँटी रिफ्लेक्शन कोटिंग नसेल किंवा ती नीट बसली नसेल. ज्यांनी कन्व्हर्ट केलं त्यांच्याकडेच परत न्या, वरच्या तपासणी ५ चे फोटो सोबत द्या, म्हणजे "लेन्सचा प्रॉब्लेम असेल" म्हणून परत पाठवणार नाहीत. नवीन करून घेत असाल तर कोटिंग असलेली काच आहे का ते आधी विचारा.

सगळ्या फोटोंत एकाच जागी छोटे काळे ठिपके, ब्लोअरने हवा मारून न जाणारे: कन्व्हर्ट करताना काचेखाली धूळ अडकलेली आहे. वरून कितीही पुसा, जाणार नाही, उलट काच ओरखडेल.

लेन्समध्ये बुरशी: लेन्स स्वतः उघडू नका. काचा परत त्याच मध्यावर बसवायला हत्यारं लागतात, आणि एकदा मध्य हलला की एक बाजू कायमची सॉफ्ट. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही व्रण राहतो, तेव्हा खर्चाचा अंदाज आधी घ्या, किट लेन्स असेल तर साफसफाईच्या पैशात दुसरी सेकंडहँड मिळेल.

आतला एलईडी दिसत असेल तरी तेच, तो बंद करायला बॉडी उघडावी लागते, तुम्ही नका उघडू. त्यापेक्षा आयएसओ वाढवून एक्स्पोजर लहान ठेवा, कन्व्हर्टेड कॅमेऱ्यात उन्हात तशीही हातात धरून फोटो निघतील इतकी शटर स्पीड मिळते.

आणि जुना कॅमेरा पडलाय म्हणून व्हिडिओ बघून स्वतः कन्व्हर्ट करायचा विचार असेल तर: आत फ्लॅशचा कपॅसिटर असतो, बॅटरी काढली तरी त्यात बराच वेळ ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, आणि तो झटका हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. शिवाय मूळ काच काढून वेगळ्या जाडीची काच बसवली की फोकसची जागा सरकते, मग डीएसएलआरचा ऑटोफोकस कायम चुकतो. हे काम रोज करणाऱ्यांकडेच द्या. तोपर्यंत साध्या कॅमेऱ्यावर ७२० फिल्टर, एफ/५.६, आयपीसवर काळी टेप, आणि वाऱ्याने पानं हलत नाहीत अशी सकाळ.